देवाचे सांगणे आणि आपल्या माणसांचा आग्रह

बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातील गोष्ट मी उपासनेत फारशी ऐकलेली नाही, आणि ती वाचली गेली तरी तिच्यावर प्रवचन करायला सहसा कोणी धजत नाही. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला येतो. त्याचे नावसुद्धा आपल्याला सांगितलेले नाही. इस्राएलचा राजा यराबाम वेदीजवळ धूप जाळायला उभा असतो, आणि हा परका माणूस त्याच्या तोंडावर त्या वेदीविरुद्ध देवाचे वचन उच्चारतो. संतापलेला राजा हात लांब करून "धरा त्याला" म्हणतो, आणि तो लांब केलेला हात तसाच वाळून जातो. देवाच्या माणसाने विनंती केल्यावर हात पूर्ववत होतो, तेव्हा राजाचा सूर पालटतो. घरी चल, विसावा घे, मी तुला इनाम देतो, असे तो म्हणतो. त्यावर या माणसाचे उत्तर स्वच्छ आहे. तू मला अर्धे घर दिलेस तरी मी येणार नाही, कारण इथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचे नाही आणि आल्या वाटेने परतायचे नाही, अशी मला आज्ञा आहे. एवढे बोलून तो दुसऱ्या वाटेने निघून जातो.

गोष्ट इथे थांबली असती तर ती धैर्याची गोष्ट म्हणून मुलांना शिकवता आली असती. पण बेथेलमध्ये एक म्हातारा संदेष्टा राहत असतो. घडलेला प्रकार मुलांकडून कळताच तो गाढवावर खोगीर घालायला सांगतो आणि त्या माणसाच्या मागावर निघतो. तो त्याला एका झाडाखाली बसलेला सापडतो. म्हातारा त्याला जेवायला बोलावतो. तो नकार देतो, आणि कारणेही तीच देतो जी त्याने राजाला दिली होती. तेव्हा म्हातारा म्हणतो की मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, आणि तुला घरी परत आणून जेवू घाल असे एका देवदूताने मला परमेश्वराच्या वचनाने सांगितले आहे. पुढचे वाक्य तीन-चार शब्दांचे आहे: तो त्याच्याशी खोटे बोलला. देवाचा माणूस मागे फिरतो, जेवतो, पाणी पितो. परतीच्या वाटेवर सिंह त्याला ठार मारतो. प्रेत वाटेवर पडलेले असते आणि त्याच्या एका बाजूला गाढव, दुसऱ्या बाजूला सिंह उभा असतो. सिंहाने ना प्रेत खाल्लेले असते, ना गाढवाला इजा केलेली असते.

ही गोष्ट ऐकून बहुतेकांना राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. खोटे बोलला म्हातारा, आणि मेला तो बिचारा, हा कुठला न्याय? हा प्रश्न मीही पुष्कळ काळ बाळगला आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. परंतु ती पुन्हा पुन्हा वाचताना माझी नजर त्या शिक्षेपेक्षा त्या दोन नकारांवर अधिक खिळते. राजाची धमकी त्या माणसाने ओळखली आणि राजाचे आमिषही ओळखले, कारण राजा समोरच्या बाजूचा होता. म्हातारा मात्र आपल्या बाजूचा होता. वयाने मोठा, त्याच देवाचे नाव घेणारा, त्याच कामातला. तो राज्य देत नव्हता, भाकर आणि पाणी देत होता. उन्हातान्हातून चालून थकलेल्या, उपाशी माणसाला झाडाखाली गाठून एक वडीलधारा म्हणतो की देवानेच तुला परत बोलावले आहे. अशा वेळी त्याच्याकडे संशयाने पाहणे किती कठीण जाते! ज्या देवाने मला स्वतः सांगितले तो आपले म्हणणे बदलायचे असल्यास मला का सांगणार नाही, एवढाच प्रश्न विचारायचा होता. तो विचारला गेला नाही.

आणि त्या म्हाताऱ्याला मला खलनायक ठरवता येत नाही. तो का खोटे बोलला हे शास्त्रात लिहिलेले नाही. कदाचित पुष्कळ वर्षांनी आपल्यासारखे कोणी भेटले म्हणून त्याला त्याची सोबत हवी असेल. पुढे तोच प्रेत घेऊन येतो, ते स्वतःच्या कबरेत ठेवतो, "हाय रे माझ्या भावा" म्हणून शोक करतो आणि मी मेल्यावर माझी हाडे याच्या हाडांशेजारी ठेवा असे मुलांना बजावतो. म्हणजे त्याची माया खरी होती. त्या मायेनेच त्या माणसाचा घात केला, आणि म्हणूनच ही गोष्ट मला सिंहाच्या गुहेत टाकलेल्या दानिएलाच्या गोष्टीपेक्षा अधिक जवळची आणि अधिक भयंकर वाटते.

विश्वासाखातर छळ सोसणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात राजा वेदीजवळ उभा राहून "धरा त्याला" म्हणत नाही. आपल्या वाटेत येतात ती आपलीच माणसे. ती काळजीने येतात, अनुभवाचे बोल घेऊन येतात, कधी डोळ्यांत पाणी घेऊन येतात, आणि श्रद्धावंतांच्या घरात तर ती देवाचे नाव घेऊनच येतात. शत्रूच्या दबावाखाली माणसाचा निर्धार अनेकदा घट्ट होतो, कारण विरोध करणारा आणि आपण यांच्यात सीमारेषा स्पष्ट असते. मायेच्या आग्रहापुढे ती रेषा पुसट होते. नाही म्हणताना आपण देवाला होकार देत आहोत की माणसाला दुखावत आहोत, हेच कळेनासे होते.

माझ्यावर असा प्रसंग आला तेव्हा मला बढतीवर बदली मिळत होती आणि माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. प्रार्थनेत माझ्या मनात एकच गोष्ट ठसत गेली होती की सध्या माझी जागा वडिलांपाशी आहे. आकाशवाणी झाली नव्हती. वचन वाचताना, रात्री वडिलांना कुशीवर वळवताना, ऑफिसला जाताना तेच मनात येत राहिले, आणि बदलीचे फायदे मी जितके मोजले तितके ते अधिक स्पष्ट होत गेले. घरच्यांना हे सांगितले तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "देव दार उघडतो आहे आणि तू ते आपल्या हाताने लोटून घेतो आहेस." मामांचे म्हणणे होते की पैसे पाठव, चांगला माणूस ठेव, सेवा तीही असते. यात कोणाचेच म्हणणे वाईट नव्हते. दादाला माझ्या भवितव्याची चिंता होती आणि मामांना आईच्या संसाराची.

मग आमच्या चर्चच्या मंडळीतील एक ज्येष्ठ गृहस्थ घरी आले. त्यांच्या प्रार्थनेने आमच्या घराला अनेक वाईट दिवसांत आधार दिला होता आणि मी लहानपणापासून त्यांना काका म्हणत आलो आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वयामुळे तो हात किंचित थरथरत होता. ते म्हणाले, "बाळा, प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवले आहे. तू पलीकडे जातो आहेस आणि तुझे हात भरलेले आहेत. घाबरू नकोस, जा." खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या क्षणी हो म्हणणे किती सोपे होते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या मनाची तगमग संपली असती, घरात आनंद झाला असता, आणि निर्णयाचा भार माझ्या खांद्यावरून उतरून एका देवभक्ताच्या खांद्यावर गेला असता. मी एवढेच म्हणालो, "काका, तुम्हाला जे दाखवले गेले ते मी खोटे म्हणत नाही. पण मला जे सांगितले गेले आहे ते मागे घ्यायचे असेल तर तो मलाही सांगेल. तोवर मला इथेच राहू द्या." काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. निघताना ते एकच वाक्य बोलले. "पुन्हा एकदा प्रार्थना करून पाहा."

हे वाक्य मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून, अनेक प्रसंगी, दुसऱ्यांना उद्देशून उच्चारलेले ऐकले आहे. वरवर पाहता त्याला हरकत घेण्यासारखे काही नाही. प्रार्थना करू नका असे कोण म्हणेल? परंतु उत्तर मिळालेले असताना, आणि ते केवळ लोकांना गैरसोयीचे वाटते म्हणून, पुन्हा विचारणे ही चौकशी राहत नाही. ते मोल ठरवण्यासारखे होते.

बायबलमधील बलाम या द्रष्ट्याची गोष्ट नेमकी हीच आहे. मवाबचा राजा बालाक इस्राएलाला शाप देण्यासाठी त्याला बोलावतो. वडीलजन दक्षिणा घेऊन येतात. बलाम त्यांना रात्री ठेवून घेतो, देवाला विचारतो, आणि उत्तर येते की तू यांच्याबरोबर जाऊ नकोस, त्या लोकांना शाप देऊ नकोस, कारण ते आशीर्वादित आहेत. उत्तरात संदिग्धता मुळीच नाही. बलाम सकाळी त्यांना परत पाठवतो. मग बालाक अधिक संख्येने आणि अधिक प्रतिष्ठित सरदार पाठवतो. बलाम त्यांना जे म्हणतो ते यहूदाच्या माणसाच्या बोलण्यासारखेच आहे: बालाकाने आपले घर भरून सोने-रुपे दिले तरी मला देवाची आज्ञा मोडता येणार नाही. वाक्य भक्कम आहे, परंतु लगेच तो पुढे म्हणतो की तरी आजची रात्र तुम्हीही इथे राहा, परमेश्वर मला आणखी काय सांगतो ते पाहू. या मधल्या काळात देवाच्या बाजूने काहीच बदललेले नव्हते. बदलली होती ती पाहुण्यांची प्रतिष्ठा. या वेळी त्याला जाण्याची मुभा मिळते, पण तो निघाल्यावर देवाचा राग भडकतो, आणि हाती तलवार घेऊन वाटेत उभा राहिलेला देवदूत त्या द्रष्ट्याला दिसत नाही, त्याच्या गाढवीला दिसतो. मला या गोष्टीतून जे जाणवते ते असे, की जे उत्तर आपल्याला नको आहे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले तर कधीतरी आपल्याला हवे तसे काहीतरी ऐकू येते, आणि तोपर्यंत आपली नजर अधू झालेली असते.

अर्थात थांबणे आणि पुन्हा विचारणे हे नेहमीच पळवाट नसते. खरोखर कळलेले नसेल तर थांबलेच पाहिजे. यरुशलेम पडल्यावर उरलेले लोक यिर्मया संदेष्ट्याकडे येऊन म्हणतात की आम्ही कुठे जावे ते देवाला विचार, उत्तर बरे असो वा वाईट, आम्ही ते मानू. यिर्मया ताबडतोब उत्तर देत नाही. १० दिवसांनी परमेश्वराचे वचन त्याच्याकडे येते. संकटात सापडलेले लोक दारात उभे असताना १० दिवस "मला अजून सांगितले गेलेले नाही" असे म्हणत राहणे हेही दबावाला तोंड देणेच आहे, आणि माझ्या मते ते अधिक अवघड आहे. उत्तर येते की मिसर (इजिप्त) देशात जाऊ नका, याच देशात राहा. पण हे लोक प्रश्न विचारण्यापूर्वीच मिसरच्या वाटेला लागून बेथलेहेमजवळ मुक्काम करून राहिलेले होते. त्यांना मार्गदर्शन नको होते, निघण्यापूर्वी आशीर्वाद हवा होता. ते यिर्मयाला खोटा ठरवतात आणि मिसरला जातात. एवढेच नव्हे, तर जाऊ नका असे सांगणाऱ्या यिर्मयालाही बरोबर नेतात.

इथे एक आक्षेप मनात येतो आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मनाचा हट्ट आणि देवाचे सांगणे यांत फरक कसा करायचा? देवाने मला सांगितले आहे असे म्हणून लोकांनी घरे मोडली आहेत, रक्त सांडले आहे, आणि कोणी प्रश्न विचारला तर त्याला देवाचा विरोधक ठरवले आहे. हे सगळे खरे आहे. याची एखादी खूण मला सांगायची झाली तर ती अशी की निर्णयाची किंमत कोण मोजतो आहे ते पाहावे. देवाचे नाव घेऊन जो इतरांना किंमत मोजायला लावतो त्याच्याविषयी मला भीती वाटते. जो स्वतः मोजतो, प्रश्न ऐकून घेतो आणि तरीही जागा सोडत नाही, त्याचे म्हणणे थांबून ऐकावेसे वाटते. दुसरी गोष्ट नम्रतेची. १४३१ साली फ्रान्समधील रूआँ येथे जोन ऑफ आर्कवर धर्मन्यायालयात खटला चालला तेव्हा देवाची वाणी ऐकू येते असे म्हणणाऱ्या या कोवळ्या, निरक्षर मुलीला विद्वान न्यायाधीशांनी विचारले की तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला ठाऊक आहे काय. हो म्हणावे तर उद्धटपणा, नाही म्हणावे तर कबुली. ती म्हणाली की मी नसेन तर देव मला तिथे नेवो आणि असेन तर तिथेच ठेवो. स्वतःच्या वाटेविषयी खात्री आणि स्वतःविषयी मात्र कोणताही दावा नाही, हे दोन्ही एका वाक्यात राहू शकते, हे मला त्या उत्तरातून कळले. तिचेही पाय डळमळले होते. २४ मे रोजी सरणाच्या भीतीने तिने आपले म्हणणे मागे घेतले, आणि चारच दिवसांनी ते पुन्हा उच्चारले. ३० मे रोजी तिला जाळण्यात आले. त्या खटल्याचा निकाल चर्चनेच १४५६ साली रद्दबातल ठरवला.

आपल्या माणसांच्या आग्रहाचा विचार करताना मात्र मला जोनपेक्षा ऑस्ट्रियातील एक शेतकरी अधिक आठवतो. फ्रान्झ येगरश्टेटर हा सांक्ट राडेगुंड नावाच्या लहानशा खेड्यात राहत होता, शेती करत होता आणि गावच्या चर्चची व्यवस्था पाहत होता. हिटलरच्या सैन्यात लढणे हे ख्रिस्ताच्या अनुयायाला शक्य नाही, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याला कोणी कोणी समजावले ते पाहावे. शेजाऱ्यांनी समजावले, नातेवाइकांनी समजावले, धर्मगुरूंनी समजावले, आणि शेवटी तो लिंझच्या बिशपांना भेटला तेव्हा त्यांनीही त्याला कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणे तुझे काम नव्हे, असाच त्या सगळ्या समजावण्याचा सूर होता. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. त्याच्यावर दडपण आणणाऱ्यांत नाझी होतेच, पण त्याच्या जिवावर ज्यांचे प्रेम होते ते त्याहून जवळ उभे होते. मार्च १९४३ मध्ये त्याने शस्त्र घ्यायला नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

या हकिकतीत माझे मन फ्रान्झपेक्षा त्याची पत्नी फ्रान्झिस्का हिच्यापाशी अधिक रेंगाळते. सुरुवातीला तिनेही त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. मग तिच्या लक्षात आले की आपणही त्याच्या बाजूने उभे राहिलो नाही तर त्याला कोणीच उरणार नाही. ती त्याच्याशी सहमत झाली म्हणून नव्हे, तर तो एकटा पडू नये म्हणून ती त्याच्या बाजूला आली. पुढे शेत तिने सांभाळले, मुली तिने वाढवल्या, गावाची नाराजी तिने सोसली, आणि युद्ध संपल्यावरही काही वर्षे तिला निवृत्तिवेतन नाकारले गेले. २००७ साली लिंझच्या कॅथीड्रलमध्ये त्याला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले तेव्हा नव्वदी ओलांडलेली फ्रान्झिस्का तिथे उपस्थित होती. तो सोहळा झाला नसता तरी फ्रान्झचा निर्णय तितकाच खरा राहिला असता, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. देवाच्या मार्गदर्शनाची परीक्षा आपण फार लवकर परिणामांवरून करतो. माझी बदली दुसऱ्या कोणाला मिळाली. मी गेलो असतो तर काय झाले असते याचा हिशेब मी मांडलेला नाही, आणि तो मांडून माझा निर्णय बरोबर ठरवण्याची मला गरजही वाटत नाही.

मराठी माणसाला या विषयात उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खऱ्याखोट्याचा निवाडा करताना आपण मनाला साक्षी ठेवले आणि बहुमत मानले नाही, असे तुकोबांनीच सांगून ठेवले आहे. आणि दोन्ही बाजूंच्या आपल्या माणसांचा आग्रह कसा असतो ते पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मायदेशातील अनेक सुहृद दुखावले. तिकडे ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता त्या धर्मभगिनींनी आणि बिशपांनी रमाबाईंनी अमुक सिद्धांत जसाच्या तसा मानावा, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आग्रह धरला. रमाबाईंनी आदर सोडला नाही आणि मानही तुकवली नाही. मी ख्रिस्ताची आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही, अशी त्यांची भूमिका त्यांच्या पत्रांतून स्पष्ट दिसते.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हलवले. विधवा मुलींच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही हे ठरलेले होते आणि ते त्यांनी पाळले. त्या प्रार्थना करीत त्या स्वतःच्या खोलीत. पण खोलीचे दार त्या उघडे ठेवीत, आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. वाद पेटला तो या उघड्या दारावरून. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. ती शत्रू नव्हती, स्त्रीशिक्षणाची कळकळीची पुरस्कर्ती होती, आणि समाजाचा विश्वास गेला तर सगळे कामच बुडेल ही त्यांची भीतीही पोकळ नव्हती. एक दार लावून घेतले असते तर कदाचित सगळे मिटलेही असते. रमाबाईंनी कोणाला आत ओढले नाही आणि दारही लावले नाही. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्यांनी दार लावायला हवे होते असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मी समजू शकतो. तरीही जी बाई इतरांच्या मुलींवर आपला देव लादत नाही आणि इतरांसाठी आपला देव लपवतही नाही, तिच्यापुढे माझे मस्तक नम्र होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, त्याची छपाई त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेतील स्त्रियांनी केली, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेल्यावरही त्या त्याच कामात राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

ठाम राहणे आणि कठोर होणे यांत मोठे अंतर आहे, आणि आपली बहुधा इथेच गफलत होते. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाला शरण जा, हा त्याचा अप्रिय संदेश होता. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांच्या देखत, देवाच्याच नावाने सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे बंदिवान परत येतील. यिर्मयाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द आहे "आमेन". परमेश्वर तसेच करो, असे तो म्हणतो. त्यालाही आपल्या लोकांचे भले हवे होते. हनन्याचे स्वप्न त्यालाही गोडच वाटले असणार. नंतर तो आपले म्हणणे शांतपणे मांडतो. हनन्या त्याच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकतो, आणि यिर्मया निघून जातो. पुढचे वचन नंतर येते. भर मंदिरात अपमान झालेला असताना देवाने अजून काही सांगितलेले नाही म्हणून काहीही न बोलता निघून जाणे, हे मला त्याच्या सगळ्या गर्जनांपेक्षा मोठे वाटते. ज्याची निष्ठा देवाशी आहे त्याला प्रत्येक वाद जिंकण्याची घाई नसते.

काकांनी आपले मत बदलले नाही. मी जायला हवे होते असेच त्यांना वाटत राहिले, आणि भेटीत ते कधी कधी तसे बोलूनही दाखवत. पण वडिलांची प्रकृती ढासळली आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले तेव्हा रात्री सोबतीला येणाऱ्यांत काका पहिले होते. मी बाकावर झोपत असे आणि ते उशाशी बसून हलक्या आवाजात स्तोत्रे वाचत असत. दादा औषधांचे सगळे पाहत होता. त्या दिवसांत मला कळले की या माणसांनी माझ्यावर जो दबाव आणला आणि जो आधार दिला, ते दोन्ही एकाच मायेतून आले होते. तिचा पहिला भाग नाकारायचा म्हणून दुसऱ्या भागालाही दार बंद करण्याची गरज नव्हती. बहुधा म्हणूनच त्या दिवशी खोलीत मी काकांना खोटे ठरवले नाही याचे मला आज समाधान आहे.

आणि आता वय वाढल्यावर मी स्वतःच अनेकदा सल्ला देणाऱ्याच्या जागी असतो. तरुण मुले येतात, काहीतरी कठीण ठरवून आलेली असतात, आणि माझ्या तोंडावर "पुन्हा एकदा प्रार्थना करून पाहा" हे वाक्य येते. ते उच्चारण्याआधी मी प्रेषितांच्या कृत्यांचा २१वा अध्याय आठवतो. प्रेषित पौल यरुशलेमला निघालेला आहे. तिथे बेड्या आणि संकटे वाट पाहत आहेत हे पवित्र आत्मा आपल्याला गावोगाव सांगत आहे, असे त्याने आधीच म्हटले आहे. सोर येथील शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने त्याला जाऊ नकोस म्हणतात. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो आणि म्हणतो की हा कमरबंद ज्याचा आहे त्याला यरुशलेमेत असेच बांधतील. अगबाचा संदेश खरा आहे, बेथेलच्या म्हाताऱ्यासारखा रचलेला नाही. संकट येणार हे सगळ्यांनाच मान्य आहे. फरक आहे तो त्यातून काय करायचे याबाबत. मित्र म्हणतात, म्हणून जाऊ नकोस. पौल म्हणतो, तुम्ही रडून माझे काळीज का तोडता? म्हणजे त्याचे काळीज तुटत होते. तो दगड झालेला नव्हता.

तो ऐकत नाही असे पाहून मित्र गप्प होतात आणि म्हणतात, प्रभूची इच्छा पूर्ण होवो. पुष्कळ वाचणारे इथेच थांबतात. मी मात्र पुढची दोन वचने तरुणांना आवर्जून वाचून दाखवतो. पौल सामान बांधून यरुशलेमला निघतो, तेव्हा कैसरियातील काही शिष्य त्याच्याबरोबर जातात. जाऊ नकोस म्हणून जिथे काल डोळ्यांतून पाणी वाहिले, त्याच गावचे लोक आज त्याच्या शेजारून चालत आहेत. आणि यरुशलेमला पोहोचल्यावर पौलाची राहण्याची सोय व्हावी म्हणून ते त्याला म्नासोन नावाच्या, कुप्र बेटावरच्या एका जुन्या शिष्याच्या घरी घेऊन जातात.